जुन्या चेन कप्पीने पद्मिनीचं इंजिन उतरवताना

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये एक चेन कप्पी आहे. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, ती एका बंद पडलेल्या गिरणीच्या भंगारातून आणली. बॉडीवर ओतीव अक्षरांत एक टन असं लिहिलेलं आहे, बाकी अक्षरं झिजून गेलीत. ही कप्पी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि आजही तिच्यावर मी इंजिन उतरवतो. पण दर वेळी कप्पीला हात लावण्याआधी आण्णा एकच वाक्य म्हणायचे: "आधी वर बघ." कप्पी ज्याला टांगली आहे ते आढं, गर्डर किंवा तिवई आधी बघायची, मग कप्पी, मग साखळी आणि सगळ्यात शेवटी इंजिन. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

उदाहरणाला घेतली आहे ती प्रीमियर पद्मिनी. १९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० डिलाइट म्हणून बनवायला घेतलेली ही गाडी पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनी उतरली तेव्हापासून घरी ठेवलेल्या गाड्यांची डागडुजी करू पाहणारे बरेच जण मला भेटतात. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. आजच्या गाड्यांच्या मानाने बोनटखाली भरपूर जागा आहे, त्यामुळे पहिल्यांदा इंजिन उतरवणाऱ्यासाठी ही चांगली गाडी आहे. वजन किती, यावर वाद घालत बसू नका. मी हिशेबाला २०० किलो धरतो आणि सगळं सामान त्याच्या किमान अडीचपट ताकदीचं, म्हणजे ५०० किलोचं घेतो.

आधी वर बघा

पत्र्याच्या शेडची कैची, म्हणजे छपराखालचा त्रिकोणी सांगाडा, छपराचं वजन आणि वारा झेलण्यासाठी बनवलेली असते. तिच्या खालच्या पट्टीच्या मधोमध २०० किलो टांगायचे हा हिशेब बनवणाऱ्याने केलेलाच नसतो. आमच्या शेजारच्या एका शेडमध्ये अशीच कैची वाकलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. इंजिन जमिनीपासून हातभर वर होतं म्हणून कुणाचा पाय गेला नाही. जुन्या वाड्याची सागवानी तुळईही भरवशाची वाटते, पण भिंतीत गेलेलं तिचं टोक वाळवीने आतून पोखरलेलं असू शकतं. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहा. तो सहज आत गेला तर विषय संपला.

घरच्या घरी सगळ्यात सुरक्षित व्यवस्था म्हणजे दोन घोड्या, म्हणजे पाय फाकवून उभे राहणारे टेकू, आणि त्यांवर आडवा आय-गर्डर. १५० मिमी उंचीचा साधा गर्डर, मीटरला सुमारे १५ किलो वजनाचा, दोन घोड्यांमधल्या ३ मीटर अंतरावर आपलं ओझं आरामात पेलतो. अडचण गर्डरची नसते, घोड्यांची असते. घोडी ओझ्याखाली बसत नाही, ती आडवी कलंडते. म्हणून प्रत्येक घोडीचे पाय खाली पट्टीने जोडा, घोडी आणि गर्डर यांच्यात दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू बोल्टाने बसवा आणि गर्डर घोडीच्या माथ्यावर नुसता ठेवू नका, आवळा. रिकाम्या सांगाड्याला खांद्याने जोरात ढकलून पाहा. तो डुलत असेल तर ओझ्याखाली जास्त डुलेल.

पाइपांची तिवई असेल तर तिन्ही पायांना खाली साखळी बांधा, नाहीतर फरशीवर ते फाकतात. पाय गाडीच्या बाहेर पडतील इतकी रुंद तिवई लागते आणि कप्पी बरोबर इंजिनवर यायला हवी. हे दोन्ही साधणं कठीण आहे, त्यामुळे तिवईवर मी मोटार पंप उचलतो, गाडीचं इंजिन नाही.

उंचीचा हिशेब कागदावर करा. पुढच्या पत्र्याची वरची कड जमिनीपासून ८५ सेंमी धरा. तिच्यावरून इंजिनचा तळ जायला हवा, म्हणून वर १५ सेंमी मोकळे. इंजिनची उंची ७०, ते ज्याने हुकाला अडकवायचं त्या पट्ट्याची ४० आणि कप्पीच्या वरच्या हुकापासून पूर्ण वर घेतलेल्या खालच्या हुकापर्यंत ४०. बेरीज अडीच मीटर. टेप लावून स्वतःच्या गाडीचे आणि कप्पीचे आकडे टाका. इंजिन अर्धं बाहेर आलं आणि कप्पी वर भिडली, ही वेळ फार वाईट असते, कारण त्या घाईत माणूस इंजिन हाताने ढकलायला जातो.

कप्पी कोणत्या जातीची आहे?

जुन्या बाजारात दोन जाती सापडतात आणि दोघींची तपासणी वेगळी आहे.

पहिली डिफरन्शियल कप्पी. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात थॉमस वेस्टनने ती रूढ केली. वर एकत्र ओतलेल्या दोन चकत्या, एक किंचित मोठी, एक किंचित लहान, आणि दोन्हींवरून फिरणारी एकच अखंड साखळी. हाताने ओढायची साखळी आणि ओझं धरणारी साखळी एकच. मोठ्या चकतीला १२ खाचे आणि लहानीला ११ असले तर ओझं एक मीटर चढवायला २४ मीटर साखळी ओढावी लागते. यात ब्रेक नसतो. ओढलेल्या ताकदीतला निम्म्याहून जास्त भाग घर्षणात जातो, आणि तेच घर्षण ओझं धरून ठेवतं. म्हणूनच या कप्पीच्या खाच्यांत आणि साखळीवर ग्रीस थापू नका. बोटं चकतीपासून दूर ठेवा, कारण ओढताना हात नकळत वर सरकत जातो.

दुसरी दातऱ्यांची कप्पी, माझी तीच आहे. हातसाखळी वेगळी, ओझ्याची साखळी वेगळी. आत स्क्रूवर दाबल्या जाणाऱ्या चकत्यांचा ब्रेक आणि रॅचेटवर, म्हणजे तिरप्या दातांच्या चाकावर, पडणारा कुत्रा असतो; ही खिट्टी चाकाला उलटं फिरू देत नाही. वर चढवताना जो 'टक टक टक' आवाज येतो, तो त्या कुत्र्याचा. हा आवाज म्हणजे कप्पीची नाडी. आवाज एकसारखा यायला हवा. मध्ये एखादा ठोका चुकत असेल तर दात तुटलाय किंवा कुत्र्याची स्प्रिंग मेलीय. आवाजच नसेल तर ती कप्पी खाली काढा आणि जाणत्या कारागिराकडून खोलून घ्या. कव्हरच्या फटीतून तेल ओतून 'मोकळी' करणारे लोक असतात. ते तेल कोरड्या ब्रेकच्या चकत्यांवर गेलं की धरलेलं ओझं घसरायला लागतं.

कप्पीवर किती वजनाची ते कुठेच लिहिलेलं नसेल तर तिच्यावर ओझं टांगू नका, मग ती कितीही दणकट दिसो. ब्रिटिश मालावर कधी कधी हंड्रेडवेट असतात. एक हंड्रेडवेट म्हणजे ५०.८ किलो, आणि २० चे एक टन. कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २९ ने उचलण्याच्या यंत्रांची, साखळ्यांची आणि दोरांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सक्तीची केली होती. घरच्या शेडला असा कायदा लागू नसेल, पण अशी तपासणी करणारी माणसं औद्योगिक वसाहतींत असतात. जुनी कप्पी विकत घेतल्यावर पहिला खर्च हाच करा.

हूक आणि साखळी

हुकाचं तोंड फाकलेलं आहे का ते पाहा. फाकलेला हूक म्हणजे कुणीतरी कधीतरी त्याच्यावर झेपत नव्हतं ते टांगलं होतं. तो तापवून, ठोकून पुन्हा मिटवायचा नाही आणि त्याच्यावर वेल्डिंग तर मुळीच करायचं नाही. हूक त्याच्या खोबणीत हाताने सहज फिरला पाहिजे.

बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांमधली जुनी रीत मला आजही आवडते: हूक वायर ब्रशने साफ करा, घासलेटात रात्रभर बुडवा, सकाळी कोरडा पुसा आणि त्यावर खडूची पूड चोळा. तासाभरात चिरेतलं घासलेट बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. घासलेट मिळत नसेल तर डिझेल चालतं. आता यासाठी लाल-पांढऱ्या स्प्रेची जोडी मिळते, ती जास्त बारीक चीर दाखवते. रेघ दिसली की हूक भंगारात, आणि भंगारात टाकण्याआधी त्याचे दोन तुकडे करा, म्हणजे दुसरा कुणी तो वापरणार नाही.

जुन्या हुकांना झाप, म्हणजे तोंड बंद ठेवणारी पट्टी, नसते. ओझं सैल पडलं की पट्टा तोंडातून निसटू शकतो. यावर उपाय साधा आहे. पट्टा अडकवल्यावर हुकाच्या टोकापासून मानेपर्यंत मऊ तारेचे चार-पाच वेढे देऊन तोंड बांधून टाका.

साखळीसाठी कॅलिपर लागतो. कड्या एकमेकींवर जिथे घासतात तिथली जाडी मोजा. मूळ ८ मिमीची कडी तिथे ७.२ मिमी किंवा खाली आली असेल तर साखळी बाद. मग लांबी. साखळीचा शेवटचा तुकडा चाकावरून फारसा जात नाही, तो जवळपास नव्यासारखा राहतो. त्यातल्या ११ कड्या मोजा आणि रोज वापरातल्या भागातल्या ११ कड्या मोजा. फरक अडीच टक्क्यांहून जास्त, म्हणजे ३०० मिमीत साडेसात मिमीहून जास्त असेल तर साखळी ताणली गेली आहे. तिच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातली मीटरवर विकली जाणारी साखळी घालू नका. कप्पीच्या खाच्यांत बसणारी साखळी मापाची असते. थोडी कमी-जास्त असली तर खाच्यातून उडी मारते.

फार जुन्या कप्प्यांना घडीव लोखंडाची साखळी असते. वर्षानुवर्षांच्या ताणाने ती ठिसूळ होते, म्हणून पूर्वी ठरावीक काळाने ती भट्टीत तापवून हळूहळू थंड करत. आजच्या पोलादी साखळीला हा उपाय केला तर तिची ताकदच जाते. आपली साखळी कोणती हे नक्की सांगता येत नसेल तर ती कप्पी शोभेला ठेवा.

सिमेंटच्या पाच पोत्यांची परीक्षा

इंजिनआधी मी नेहमी पोती उचलतो. ५० किलोची पाच पोती जाड फळीवर रचून, पट्ट्याने बांधून २५० किलो. जमिनीपासून फक्त १० सेंमी वर घ्या, हातसाखळी सोडा आणि कप्पीपाशी ओझ्याच्या साखळीवर खडूची खूण करा. अर्धा तास चहा प्या. खूण हलली नसेल तर हळूच चार-पाच टप्प्यांत खाली-वर करा, प्रत्येक टप्प्याला थांबा. घसरत नाही, अडकत नाही, आवाज चुकत नाही, गर्डर आणि घोड्या जागच्या हलत नाहीत, एवढं पटलं की मगच गाडी खाली आणायची.

गाडी मोकळी करताना

बॅटरीची अर्थची वायर आधी काढा, मग दुसरी, आणि बॅटरी बाहेर ठेवा. पेट्रोल पंप इंजिनवरच बसलेला असतो. त्याला येणारा पाइप सोडवून त्याचं तोंड बोल्टाने बंद करा, नाहीतर टाकीतलं पेट्रोल फरशीवर येतं. पाणी काढा, ऑइल काढा, रेडिएटर बाहेर घ्या. त्याची जाळी इंजिनच्या पहिल्याच झोक्यात फाटते. बोनटच्या बिजागऱ्यांभोवती पेन्सिलने खूण करून बोनटही उतरवा.

वायरींना चिकटपट्टी लावून नंबर टाका, मोबाइलवर फोटो घ्या. ॲक्सिलरेटर, चोक, डायनॅमो, सेल्फ, ऑइल प्रेशर, तापमानाची वायर. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे नट आदल्या रात्री तेलात भिजवून ठेवा. आणि इंजिनपासून चॅसिला गेलेली अर्थची पट्टी विसरू नका. इंजिन चार बोटं वर येऊन अडलं की दहातल्या सात वेळा तीच असते.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवून एकटं इंजिन काढणं मला जास्त बरं वाटतं. ओझं कमी, लांबी कमी आणि तिरपं करायची गरज थोडी. फक्त एक गोष्ट जपावी लागते. बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनला जोडलेल्या घंटेसारख्या तोंडाचे, बोल्ट काढण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक आणि लाकडी ठोकळा द्या. गिअरबॉक्सचा क्लच शाफ्ट इंजिनच्या क्लच प्लेटमध्ये घुसलेला असतो. इंजिन सरळ पुढे सरकल्याशिवाय तो सुटत नाही. तो आत असतानाच इंजिन उचललं किंवा सोडलं तर सगळं वजन त्या शाफ्टवर आणि क्लच प्लेटच्या मधल्या भागावर येतं, आणि प्लेट वाकते. त्यामुळे कप्पीने इंजिनचं वजन जेमतेम पेलायचं, इंजिन गाडीला धरून ठेवणारे फाउंडेशनचे बोल्ट काढायचे, आणि पुढच्या दोन-तीन इंचांचं काम हातांनी, हलवत हलवत करायचं. इंजिन आणि बेल हाउसिंगमधली फट चारही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. वर फट जास्त असेल तर इंजिनचा पुढचा भाग खाली झुकलाय. कप्पी किंचित घ्या किंवा जॅक किंचित सोडा. याच टप्प्यावर वेळ घालवा, इथे घाई करणाऱ्यांना नवी क्लच प्लेट घ्यावी लागलेली मी पाहिली आहे.

इंजिन धरायचं कुठे

टॅपेट कव्हर, मॅनिफोल्ड, पाण्याच्या पंपाची मान, यांतलं काहीही नाही. बिडाच्या ब्लॉकमध्ये मजबूत आटे असलेल्या दोन जागा निवडा, एक पुढे एका बाजूला, एक मागे दुसऱ्या बाजूला, म्हणजे इंजिन फिरत नाही. तिथे जाड लोखंडी पट्ट्या ८.८ ग्रेडच्या बोल्टांनी आवळा. बोल्ट ब्लॉकमध्ये त्याच्या जाडीच्या किमान दीडपट खोल जायला हवा: १० मिमीचा बोल्ट १५ मिमी. पट्टी आणि पट्ट्याच्या मध्ये डी-शॅकल, म्हणजे पिनने बंद होणारी डी आकाराची कडी. शॅकलची पिन हरवली म्हणून तिथे साधा बोल्ट घालू नका.

कप्पीची साखळी इंजिनभोवती गुंडाळून तिलाच हूक लावणं ही सगळीकडे दिसणारी आणि सगळ्यात वाईट सवय आहे. वेगळा पट्टा वापरा. एक टनाचा पॉलिएस्टर पट्टा जांभळ्या रंगाचा असतो, लेबलवर वजन लिहिलेलं असतं. धारदार कडेवर त्याखाली जुन्या टायरच्या रबराचा तुकडा घाला.

पट्ट्याचे दोन पाय जितके आडवे पसरतील तितका ताण वाढतो. २०० किलोच्या ओझ्याला पाय आडव्याशी ६० अंशांत असतील तर प्रत्येक पायावर ११५ किलो, ४५ अंशांत १४१, आणि ३० अंशांत पूर्ण २०० किलो येतात. शिवाय बोल्ट आडवे ओढले जातात. पाय ६० अंशांपेक्षा आडवे होऊ देऊ नका.

उचल

दोन माणसं पुरेशी आहेत, तिसरा लांबून बघणारा असेल तर उत्तम. हुकूम एकाच्याच तोंडून: "उचल", "थांब", "सोड". पण "थांब" कुणीही म्हटलं तरी साखळीवरचा हात थांबला पाहिजे. मुलं आणि कुत्री शेडबाहेर.

हूक इंजिनच्या बरोबर वर आहे ना ते ओळंब्याने पाहा. कप्पी तिरपी ओढत असेल तर इंजिन सुटल्याबरोबर झोका घेतं आणि साखळी खाच्यातून घसरते. ओझ्याच्या साखळीला पीळ नाही, आणि दुहेरी साखळीची कप्पी असेल तर खालचा हूक साखळीतून उलटा फिरलेला नाही, हेही बघा. वजन पेलेपर्यंत घ्या, वर सांगितल्याप्रमाणे इंजिन पुढे सरकवून क्लच शाफ्ट सोडवा, मग दोन इंच उचला. थांबा. पाच मिनिटं काहीच करू नका, फक्त पाहा: पट्टा, शॅकल, हूक, गर्डर, घोड्यांचे पाय, राहिलेली एखादी वायर.

एका माणसाला एका हाताने हातसाखळी सहज ओढता आली पाहिजे. अचानक जड झाली तर जोर लावू नका, काहीतरी अडकलं आहे. दोघांनी मिळून ओढायची वेळ आली तर चूक झालीच आहे असं समजून खाली घ्या.

इंजिनला दोन बाजूंनी दोर बांधा आणि झोका दोराने आवरा. कुणाचाही हात, डोकं किंवा पाय इंजिनखाली जाता कामा नये. पडलेली पक्कडसुद्धा इंजिन खाली आल्यावरच उचलायची. पुढचा पत्रा पार झाला की इंजिन गर्डरवरून सरकवण्यापेक्षा गाडीच मागे ढकला. चाकांचे ठोकळे त्याच वेळी काढा, गिअर न्यूट्रलला, एक जण हँडब्रेकपाशी.

गाडी दूर गेली की लगेच खाली. इंजिन ऑइल चेंबरवर टेकवायचं नाही, पातळ पत्रा लगेच चेपतो. ब्लॉकला धरणाऱ्या स्टँडवर, किंवा जाड फळ्यांवर, बाजूंनी ठोकळे देऊन बसवा. पूर्ण टेकलं, हलवून पाहिलं, मगच पट्टा सैल करा. "जेवून येतो तोवर लटकू दे" असं आमच्याकडे कधीच नसायचं. आण्णा जेवण थांबवायचे.

परत बसवताना क्रम उलटा, एवढंच वेगळं की क्लच प्लेट मधोमध बसवायला भंगारातला जुना क्लच शाफ्ट जवळ ठेवा. तो नसला तर इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवताना अख्खी दुपार जाते.

काम झाल्यावर ओझ्याची साखळी चिंधीने पुसा. दातऱ्यांच्या कप्पीच्या साखळीला तेलाचा हलका हात द्या, ब्रेकच्या बाजूला थेंबही जाऊ न देता. पावसाळ्यात ती गोणपाटात गुंडाळून फरशीपासून वर टांगा. आमच्या कप्पीशेजारी खिळ्याला एक वही लटकलेली असते. त्यात तारीख, काय उचललं आणि त्या दिवशीच्या ११ कड्यांची लांबी एवढंच लिहितो. पहिल्या पानावर आण्णांचं अक्षर आहे.